४११०३७: मार्केट यार्डाचा स्वयंभू पिनकोड

हे या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे डोक्यात राहत नाहीत, मध्येच बस येते, फोन येतो, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून या वेळी गणितं जरा मोकळी करून लिहिली आहेत. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, लागेल.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून. गेल्या महिन्यात मी बाबांची औषधं ऑनलाइन मागवली. आम्ही राहतो मार्केट यार्डाजवळ, पिनकोड ४११०३७. घाईत मी टाइप केला ४११०७३. शेवटचे दोन अंक उलटे. फॉर्मने सहा अंक आहेत ना, एवढंच पाहिलं आणि पुढे जाऊ दिलं. पार्सल चार दिवस कुठेतरी फिरत राहिलं. तोपर्यंत बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या आणि मी रात्री साडेनऊला मेडिकल शोधत निघालो. चूक शंभर टक्के माझी. पण परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "अरे, ताळा नाही का केलास?"

बाबा भुसार विभागातल्या एका गाळ्यावर दिवाणजी होते. शेतकऱ्याची हिशोबपट्टी लिहायची, वजन गुणिले भाव करायचं, हमाली-तोलाई वजा करायची, असं आयुष्यभराचं काम. कॅल्क्युलेटर आल्यावरही ते ताळा करायचे. मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो, आणि मला ताळा म्हणजे नक्की काय ते धड सांगता येत नव्हतं. म्हणून हा भाग. एकच संख्या घेऊ, ४११०३७, आणि तिला जितके प्रश्न विचारता येतील तितके विचारू.

पिनकोड ही संख्या आहे का?

पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवीही. त्यांची रचना डावीकडून वाचायची. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन अंक ४११ म्हणजे पुणे. शेवटचे ०३७ म्हणजे जिथून पत्रं वाटली जातात ते पोस्ट ऑफिस.

म्हणजे खरं तर हा पत्ता आहे. अंकांत लिहिलेला. आम्हा प्रोग्रामर लोकांना पहिल्याच वर्षी शिकवतात की पिनकोड, मोबाइल नंबर हे संख्या म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा, कारण त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. बरोबरच आहे. पण आज आपण मुद्दाम तेच करणार आहोत.

नऊचा ताळा, अकराचा ताळा

समजा ३७ किलो माल, भाव ५२ रुपये किलो. गुणाकार १९२४. नऊचा ताळा असा: प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज करत एका अंकावर या. ३७ चे ३+७=१०, मग १. ५२ चे ७. एक गुणिले सात, सात. उत्तर १९२४ चे १+९+२+४=१६, मग ७. जुळलं. ताळा बसला.

आता पट्टीवर घाईत १२९४ लिहिलं गेलं तर? १+२+९+४=१६, पुन्हा ७. ताळा बसला, आणि शेतकऱ्याचे ६३० रुपये गेले! नऊचा ताळा उलटापालट पकडत नाही. कारण सोपं आहे. १०, १००, १०००, कशालाही ९ ने भागलं तर बाकी १ च उरते. त्यामुळे अंक कोणत्या घरात बसलाय हे नऊला दिसतच नाही. त्याला फक्त कोणकोणते अंक हजर आहेत, तेवढं दिसतं. माझ्या ४११०३७ आणि ४११०७३ ची बेरीजही सारखीच, १६.

म्हणून बाबा अकराचाही ताळा करायचे. त्यात उजवीकडून सुरू करून एक अंक अधिक, पुढचा वजा, असं करत जायचं. १९२४ चं ४−२+९−१=१०. तिकडे ३७ चं ७−३=४ आणि ५२ चं २−५=−३, म्हणजे त्यात ११ मिळवून ८. चार आठे बत्तीस, ११ ने भागून बाकी १०. जुळलं. आणि १२९४ चं? ४−९+२−१=−४, म्हणजे ७. नाही जुळलं, चूक सापडली. १० म्हणजे अकराला एक कमी. म्हणून शेजारच्या दोन घरांची चिन्हं उलटी येतात आणि शेजारच्या अंकांची अदलाबदल अकरापासून लपत नाही. एखादा अंक नुसता चुकला तरी तो अकराला कळतो.

आता पिनकोड. ४११०३७: ७−३+०−१+१−४=०. शून्य! म्हणजे ४११०३७ ला ११ ने नि:शेष भाग जातो. आणि माझा चुकीचा ४११०७३: ३−७+०−१+१−४=−८. भाग जात नाही. म्हणजे "मार्केट यार्डाच्या पिनला अकराने भाग जातो" एवढं एक वाक्य माझ्या लक्षात असतं, तर त्या रात्री पळापळ झाली नसती.

हे मार्केट यार्डाचं नशीब, सगळ्या पिनकोडना हे लागू नाही. पिनकोडमध्ये मुद्दाम ठेवलेला राखणदार अंक नाहीये. आधार क्रमांकात आहे. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने. म्हणून आधार टाइप करताना एक अंक चुकला तर बऱ्याचदा लगेच लाल अक्षरात ओरड येते. पुस्तकांचे जुने दहा अंकी आयएसबीएन क्रमांक तर सरळ अकराच्याच ताळ्यावर चालायचे.

संख्येच्या पोटात काय आहे

अकराने भाग देऊ. ४११०३७ ÷ ११ = ३७३६७. पुन्हा अकराची कसोटी: ७−६+३−७+३=०. पुन्हा भाग जातो! ३७३६७ ÷ ११ = ३३९७. आता अकरा थांबले. ३३९७ = ४३ × ७९, आणि हे दोघेही मूळ संख्या. म्हणजे,

४११०३७ = ११ × ११ × ४३ × ७९

ही या संख्येची खरी कुंडली. हिच्यावरून पटापट वर्गवारी करता येते. विषम आहे. मूळ नाही, संयुक्त आहे. तिचे विभाजक बारा: १, ११, ४३, ७९, १२१, ४७३, ८६९, ३३९७, ५२०३, ९५५९, ३७३६७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ५७१२३ येते, जी ४११०३७ पेक्षा बरीच कमी. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात. बेरीज बरोब्बर तेवढीच आली असती तर परिपूर्ण, जसं ६ = १+२+३. जास्त आली असती तर विपुल.

हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर मोसंबी घ्या. ४११०३७ मोसंबी एका सपाट मैदानावर आयताकृती मांडायची, एकही शिल्लक न ठेवता. बारा विभाजक म्हणजे सहा प्रकारचे आयत होतील. त्यातला सगळ्यात आटोपशीर ४७३ ओळी, प्रत्येक ओळीत ८६९. आणि त्या आयताच्या आत बघितलं तर ११ बाय ११ चे चौकोनी ट्रे दिसतील, उभे ४३, आडवे ७९. तो ११ चा वर्ग असा दिसतो.

आता लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. मोसंबी मांडताना मला ४, १, १, ०, ३, ७ हे अंक लागलेच नाहीत. रोमन आकड्यांत लिहा, मोडीत लिहा, रेघोट्या मारून मोजा, मोसंबी ४३ बाय ७९ ट्रेमध्येच बसणार. हा संख्येचा स्वतःचा गुण. ताळा मात्र अंकांवर चालतो. म्हणजे अकराने भाग जाणं संख्येचं, पण ते ओळखायची युक्ती आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची.

देवळालीचे मास्तर

लिहिलेल्या अंकांना प्रश्न विचारण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच, तेच हे.

त्यांचा एक प्रश्न: संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो का? जात असेल तर ती हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येची बेरीज १६, सम. ती स्वतः विषम. भाग जाणं शक्यच नाही, म्हणजे मार्केट यार्ड हर्षद नाही. सदाशिव पेठेचा ४११०३० मात्र आहे! बेरीज ९, आणि ९ ने भाग जाऊन ४५६७० येतात. सदाशिव पेठ आनंद देणारी निघाली, यावर मी काही बोलत नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. एक संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले, २+३=५, झाले २८. तर २३ हा २८ चा जनक. मग उलटा प्रश्न: प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नाही. २० घ्या. कुठलीही संख्या घेऊन तिच्यात तिचे अंक मिळवा, २० येतच नाहीत. अशा बिनजनकाच्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. १९४९ मध्ये त्यांनी या मांडल्या, आणि आज जगभर यांचं एक नाव आहे देवळाली संख्या. सुरुवातीच्या अशा: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४. एकूणात दर दहा संख्यांमागे साधारण एक.

आता आपल्या संख्येचा जनक शोधू. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४. म्हणजे जनक असलाच तर तो ४११०३७ च्या मागच्या ५४ संख्यांमध्येच सापडला पाहिजे. पाच ओळींचा लूप लिहिला, चालवला. उत्तर: कोणी नाही. ४११०३७ स्वयंभू आहे. देवळाली संख्या.

कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, कारण बघू. हे पाहा:

४११०१० + ७ = ४११०१७
४११०११ + ८ = ४११०१९
… असंच दोन-दोनच्या उड्या मारत …
४११०१९ + १६ = ४११०३५

एककाचा अंक एकाने वाढला की संख्याही एकाने वाढते आणि बेरीजही, म्हणून उडी दोनची. सगळी उत्तरं विषम. मग एककाचा ९ संपतो, हातचा जातो, अंकांची बेरीज धाडकन आठने कमी होते आणि गाडी मागे येते:

४११०२० + ८ = ४११०२८
… सम संख्यांवरून …
४११०२९ + १७ = ४११०४६

पुन्हा हातचा:

४११०३० + ९ = ४११०३९
… परत विषम …

पहिली विषम रांग ३५ ला थांबली, पुढची विषम रांग ३९ ला सुरू झाली. मधला ३७ दोन्ही रांगांच्या फटीत राहिला. आणि ४११००९ पर्यंतच्या आधीच्या संख्या? त्यांची झेप ४११०३१ च्या पुढे जातच नाही. म्हणजे मार्केट यार्डापर्यंत कोणीच पोचत नाही.

इतर पिन बघितले. पुणे जीपीओ ४११००१: जनक ४१०९७५, बेरीज २६. कोथरूड ४११०३८: जनक ४११०२५, बेरीज १३. हे आपले साधे संसारी. ४११००१ ते ४११०६० मध्ये स्वयंभू फक्त पाच: ४११०११, ४११०२६, ४११०३७, ४११०४८, ४११०५९. शेवटचे चार बरोब्बर अकरा-अकराच्या अंतराने, कारण ती फट दर दहा संख्यांनी, अकरा घरं पुढे, परत पडते. यातला ४११०११ कसबा पेठेचा आणि ४११०४८ कोंढव्याचा. कसबा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

हे खरं गणित आहे का?

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी ऑफिसमधल्या मित्राला हे सगळं दाखवलं. तो म्हणाला, "टाइमपास आहे रे. अंक आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून हे होतं. पाया बदल, सगळं गायब." रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डींचंही मत साधारण असंच होतं. १९४० च्या 'अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलंय. उलट्या वाचलेल्या संख्येच्या या पटीत आहेत: ८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९. त्यांच्या मते ही करमणूक होती, गणितज्ञाने दखल घ्यावी असं तिच्यात काही नव्हतं. कापरेकरांनाही आयुष्यभर हेच ऐकावं लागलं. त्यांचं नाव जगात पोचलं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा. मास्तरांना निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. म्हणून मी त्याचंच ऐकलं आणि पाया बदलला. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत ४११०३७ म्हणजे ११००१०००१०११००१११०१, त्यात दहा वेळा १. तिथेही जनक शोधला, नाही सापडला. तिथेही स्वयंभू! मग सोळाचा पाया घेतला, जो आम्ही प्रोग्रामर रोज वापरतो. तिथे ही संख्या ६-४-५-९-डी अशी दिसते, डी म्हणजे तेरा. आणि तिथे जनक सापडला. ६-४-५-८-३, अंकांची बेरीज २६.

ही कोणती संख्या? नेहमीच्या पद्धतीत आणली: ६×६५५३६ + ४×४०९६ + ५×२५६ + ८×१६ + ३.

४११०११.

कसबा पेठ! ४११०११ + २६ = ४११०३७. दहाच्या पायात दोघंही बिनजनकाचे, आणि सोळाच्या पायात कसबा मार्केट यार्डाचा जनक.

मी रात्री साडेअकराला खुर्चीत बसून मोठ्याने हसलो. आता, याचा काही 'अर्थ' आहे का? नाही. कसबा जुना म्हणून जनक, वगैरे काही नाही, हा योगायोग आहे. अंकांची बेरीज सात येते म्हणून इथे गाळा घ्यावा असं कुणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. ११ × ११ × ४३ × ७९ मात्र दहात, दोनात, सोळात, कुठेही बदललं नाही. मित्राला मी एवढंच म्हणालो की पाया बदलला की गुण बदलतो हे खरं, पण कुठल्या पायात काय होतं आणि का होतं, हे नियमाने होतं. मघाची फट कुणाच्या मनात नव्हती, ती हातच्यामुळे पडली. ते 'का' शोधणं हेच गणित आहे. आणि अंकांशी खेळ म्हणून ज्याला नाक मुरडायचं, त्याच्याच जोरावर ताळा चालतो, आधारचा शेवटचा अंक चालतो. चुकतो माणूस, आणि चुकतो तो लिहिताना. लिहिण्यातल्या चुका पकडायच्या तर लिहिलेल्या अंकांकडेच बघावं लागतं.

बाबांना हे सगळं सांगितलं. स्वयंभूचं ऐकून घेतलं, कसब्याचं ऐकून हसले. मग म्हणाले, "पण पट्टीवर दोन वेळा चूक झाली आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकलं, तर अकराचा ताळाही बसतो. म्हणून मी शेवटी एकदा नुसतं वाचून बघायचो."

तर तुमच्यासाठी काम. आपापला पिनकोड घ्या. एक, त्याला अकराने भाग जातो का ते पाहा, जात असेल तर तुम्हाला फुकटचा राखणदार मिळाला. दोन, त्याचे मूळ अवयव काढा. तीन, मागच्या ५४ संख्यांमध्ये त्याचा जनक शोधा. साधारण दहातल्या एकाला तो सापडणार नाही. ज्याला नाही सापडला त्याने मला नक्की कळवा, देवळालीच्या मास्तरांच्या यादीत आपण अजून एक गाव घालू.

आणि हो, औषधं मागवताना पिनकोड एकदा नुसता वाचून बघा.

भेटू पुढच्या भागात.